न काढलेला फोटो

जयाकाकांच्या हातात मोबाइल दिला, की तो परत मिळेपर्यंत जीव खालीवर व्हायचा. एक तर त्यांच्या बोटांना कायम डिझेल आणि ग्रीस. शिवाय मोबाइलवर जी गाडी दाखवायला आपण गेलेलो असायचो, तिच्यावर आपलं मन आधीच बसलेलं असायचं. काका चष्मा कपाळावर ढकलायचे, मोबाइल हातभर लांब धरायचे आणि अंगठ्याने फोटो मोठा करत करत कुठल्या तरी कोपऱ्यात जाऊन थांबायचे. आपण म्हणावं, "काका, टाकी बघा ना, काय चकाकतेय." काका टाकी सोडून मागच्या भिंतीकडे बघत असायचे. मोबाइल परत देताना मात्र वाक्य ठरलेलं, "यानं जो फोटू काढला नाय ना, तो माग."

जयवंत तामोरे हे त्यांचं पूर्ण नाव. बोईसरजवळच्या नवापूर बंदरावरच्या मच्छीमार घरातले. उमर सगळी होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. साठीनंतर होडीच्या पोटात वाकून काम करणं जमेना, तेव्हा पाम गावच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली आणि जुन्या मोटारसायकली, स्कूटर, जीप घ्यायला सुरुवात केली. शेडला पाटी नव्हती. बाहेर टांगलेला होडीचा एक जुना पंखा हीच पाटी.

मी सांगलीकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, आणि रविवारी मोबाइलवर जुनी मोटारसायकल दिसली, की डोळे मिटून तिच्या प्रेमात पडायचं. असे आम्ही पंधरावीसजण होतो. पालघरचा एक बँकवाला, उमरोळीचे दोघे भाऊ, वीज केंद्रातले तिघे. आमचा म्होरक्या बबन राऊत, पामचा वाडीवाला. गाडी बंद पडली तर ढकलायला तो सगळ्यात आधी, आणि भांडण निघालं तरी सगळ्यात आधी तोच. दर रविवारी सकाळी आम्ही काकांच्या शेडमध्ये जमायचो.

जुनी गाडी घ्यायची तर पूर्वी कुणाच्या तरी गोठ्यात वाकून बघावं लागायचं. आता सगळं मोबाइलवरच्या लिलावात आलं. आठ फोटो, चार ओळी, आणि खाली घड्याळ उलटं पळतंय. त्या चार ओळीसुद्धा आम्हाला पाठ झाल्या होत्या. एकाच मालकाची गाडी. डॉक्टरांनी वापरलेली. वीस वर्षं झाकून ठेवलेली. या देशातल्या डॉक्टरांनी इतक्या गाड्या वापरल्या, तर पेशंट कधी तपासले कोण जाणे.

काकांची गाडी तपासण्याची रीत बंदरावरची होती. हे मला त्यांच्या बायकोने, हेमाकाकींनी सांगितलं. काकी बोईसरच्या बाजारात मासळी विकायच्या, आणि पहाटे बंदरावर होडी लागली, की लिलावात बोली लावून माल उचलायच्या. "आमच्यात बोलीच्या आदी पाटीत हात घालायचा," त्या म्हणाल्या. "वर मोठं मोठं पापलेट लावतात सगलेच. खालचा थर वर काढून बघायचा. कोन रागवत नाय. हात घालू देत नसंल तर ती पाटी सोडायची. यांना हे मीच शिकवलंय, भाऊ. हे इंजिनातले, यांना मासली काय कलते?"

काका हे ऐकून नुसते हसले. मोबाइलमध्ये हात घालता येत नाही, म्हणून ते न काढलेला फोटो मागायचे, एवढाच फरक.

आणि फोटोत त्यांना काय दिसेल याचा नेम नसायचा. उमरोळीच्या धाकट्या भावाने एक स्कूटर आणली होती, म्हणजे तिचा फोटो. गाडी पुण्याची, कधी समुद्र न पाहिलेली, असं लिहिलेलं. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना हे शब्द फार गोड लागतात, कारण खाऱ्या वाऱ्याने आमच्या गाड्या आतून सडतात. काकांनी हेडलाइटच्या चकचकीत कडीचा फोटो मोठा केला. त्या कडीत समोरचं अंगण उमटलं होतं, आणि अंगणात एका बाजूला कललेले तीन माड.

"पुन्यात माड असा वाकत नाय," काका म्हणाले. "ह्यो दर्याचा वारा हाय."

दुसरी एक मोटारसायकल फारच चकाकत होती. काकांनी तिच्या चाकाखालची जमीन बघितली. तिथे ओल होती. "पानी मारून फोटू काढलाय. सुकल्यावरचा माग." सुकल्यावरचा फोटो काही आला नाही.

मला मात्र त्यांची एक गोष्ट तेव्हा पटत नसे. फसवणूक इतकी स्वच्छ दिसायची त्यांना, पण विकणाऱ्याला त्यांनी कधी चोर म्हटलं नाही, लबाडही म्हटलं नाही. बबनने एक यादीच केली होती. खोटी जाहिरात सापडली, की विकणाऱ्याचं नाव, गाव, फोटो सगळ्या मोठ्या ग्रुपांवर टाकायचा, वर लाल अक्षरांत 'सावध राहा'. काका त्याला अडवत नसत, पण दर वेळी म्हणायचे, "आदी त्याला विचारलं काय?" बबन चिडायचा. "काका, तुमी लय साधे. असल्या लोकांना विचारायचं काय?"

काका साधे नव्हते. हे मी वापीला पाहिलं.

वापीच्या बाजूची एक टू-स्ट्रोक मोटारसायकल मी लिलावात जिंकलो होतो, काकांना न विचारता. आणायला जाताना एकट्याची हिंमत होईना, म्हणून त्यांना घेऊन गेलो. विकणारा तरणा, बोलका. "बैठिए, एक किक में चालू करके दिखाता हूँ," म्हणाला. काकांनी गाडीजवळ जाऊन इंजिनावर तळहात ठेवला. असा ठेवला, जसा आपण तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो.

"सुबह किसने चलाया?"

"किसी ने नहीं, चाचा."

"तो गरम कैसे हाय?"

तो पोरगा फडक्याने टाकी पुसू लागला. जुनं झिजलेलं इंजिन गरम असलं तर एका किकमध्ये चालू होतं. खरा कस थंड असताना लागतो. मला वाटलं, आता शब्दाला शब्द वाढणार. काका ओट्यावर बसले आणि म्हणाले, "कोई बात नहीं. चाय पिलाव. उसको ठंडा होने दो." आम्ही दोन तास बसलो. काकांनी त्याच्या अंगणातल्या आंब्याची चौकशी केली, भिंतीवरच्या त्याच्या बापाच्या फोटोची केली. मग उठून पुन्हा हात ठेवला आणि मला म्हणाले, "मार आता." मी किक मारत राहिलो. पोटरी भरून आली तरी गाडी खोकलीसुद्धा नाही. शेवटी तो पोरगाच खाली मान घालून म्हणाला, की सिलिंडर गेलाय, बापाची गाडी आहे, खरं लिहिलं असतं तर कुणी बघायलाही आलं नसतं.

काका म्हणाले, "अब बराबर बोला. अब सौदा करेंगे." ती गाडी मी घेतली, सिलिंडर गेलेली म्हणूनच घेतली, आणि अजून ती माझ्याकडे आहे. गाडी टेम्पोत घालून परत येताना मी रागातच होतो. म्हटलं, याचं नाव बबनला देतोच. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगितलं ना त्यानं. माजंच तोंड उघडत नाय एकेकदा, त्यानं तर दोन तासांत उघडलं." या वाक्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही. विचारायला हवा होता.

काका स्वतः कधी बोली लावत नसत. पण जुनी जीप लिलावाला आली, की त्यांचा चेहरा बदलायचा. कुणाची असो, कुठलीही असो, ते आम्हाला विकणाऱ्याला लिहायला लावायचे, की मागच्या तळाचा फोटो पाठवा, रबर उचलून. तो आला की क्षणभर बघायचे, "नाय" म्हणायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला जीप हवीय, पण मनासारखी मिळत नाही. हेमाकाकी अशा वेळी उठून आत जायच्या.

मग मागच्या थंडीतला तो रविवार आला. बबन शेडमध्ये शिरला तोच मोबाइल पुढे करत. नाशिककडच्या एका देवरे नावाच्या माणसाने हिरवी जीप लिलावाला लावली होती. 'अस्सल सैन्यातील जीप', वर मोठ्या अक्षरांत. बोली चढत चालली होती, कारण सैन्याची म्हटलं की मोठमोठे संग्रहवाले धावतात. बबनने काकांच्या सवयीप्रमाणे तळाचा फोटो आधीच मागवला होता. तळाच्या पत्र्याला ओळीने बुजवलेली भोकं होती, आणि देवऱ्यांनी लिहिलं होतं, की सैन्याचा वायरलेस सेट इथे बसवलेला होता.

"वायरलेस कसला, डोंबल," बबन म्हणाला. "काका, तुमी फक्त सांगा, ही भोकं मिलिटरीची नायत. आज रातच्याला लिलाव संपायच्या आत याची अशी बेअब्रू करतो, की परत गाडी विकणार नाय."

काकांनी मोबाइल घेतला. अंगठ्याने फोटो मोठा केला. तीन ओळी, एकेका ओळीत पाच. आणि डाव्या कोपऱ्यात, चाकाच्या वरच्या उंचवट्याला चिकटून, ओळ सोडून एकच वेगळं भोक. काका तिथे थांबले. फार वेळ थांबले. मोबाइलचा उजेड विझला तरी तसेच धरून उभे होते.

"मिलिटरीची नायत," ते म्हणाले.

"बघा," बबन आम्हाला म्हणाला आणि मोबाइल परत घ्यायला हात पुढे केला. काकांनी दिला नाही.

"थांब. हे माज्या बाबानं पाडलेत."

ते मडक्यापाशी गेले, तांब्याभर पाणी प्यायले आणि परत येऊन टायरवर बसले. मग त्यांनी जे सांगितलं, ते आम्हा पंधरावीसजणांसमोर, आवाज न चढवता, मान मात्र खाली घालून.

जीप त्यांच्या वडिलांची होती. नवापूर बंदरावरून मासळीच्या पाट्या बोईसर स्टेशनला ती न्यायची. बर्फाचं पाणी तळात साचायचं, म्हणून बाबांनी हाताच्या ड्रिलने पंधरा भोकं पाडली. डाव्या चाकावरची स्प्रिंगची कमान माल लादून लादून बसली होती, त्यामुळे पाणी तरी डाव्या कोपऱ्यात साचायचंच. मग तिथे सोळावं. पुढे बंदरावर टेम्पो यायला लागले आणि जीप दारात उभी राहिली. विकायची ठरली. गिऱ्हाईक यायचं, वास घ्यायचं आणि जायचं.

"मी बावीस वर्सांचा," काका म्हणाले. "मला लाज वाटली. पंधरा दिवस चुन्यानं, चिंचेनं घासली. होडीच्या खिल्याखाली तांब्याची चकती असते, त्या चकत्या ठोकून भोकं बुजवली. हिरवा रंग मारला. वसईचा मानूस आला, त्याला सांगितलं, मिलिटरीची हाय, बाबानं लिलावात घेतली. बाबा उंबऱ्यावर बसला होता. त्यानं सगलं ऐकलं. मानूस जीप घेऊन गेल्यावर मला एवढंच म्हनाला, वीस वर्सं तिनं घर चालवलं, तिची लाज वाटली काय रे तुला? परत त्यो विषय काढला नाय. मरंपर्यंत नाय."

 हेमाकाकी दाराशी उभ्या होत्या. त्यांना हे माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

बबनच सावरला आधी. "काका, तुमी आता कशाला मनाला लावता? आपन गप बसू. मी काय टाकत नाय ग्रुपवर. ज्याला घ्यायची त्यो घेईल."

"आनि त्या देवऱ्याला कुनी उद्या पकडला मंग? खोटं माजं, नाव त्याचं." काकांनी मोबाइल बबनच्या हातात दिला. "लाव फोन."

देवरे निवृत्त शेतकी अधिकारी निघाले, बोलायला अगदी सज्जन. बबनने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. काकांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग देवरे म्हणाले, "माझ्याकडच्या गाडीच्या जुन्या नोंदणी-पुस्तकात पहिलं नाव तामोरे, नवापूर, असंच आहे. मी समजत होतो, त्यांनी सैन्याकडून घेतली असेल. मला ज्याने विकली त्यानेही तेच सांगितलं."

"त्याला वसईवाल्यानं सांगितलं असंल. वसईवाल्याला मी."

"अहो, मी दर सव्वीस जानेवारीला तिला झेंडा लावून गावातून फेरी काढतो," देवरे म्हणाले. "शाळेची मुलं सलाम करतात तिला."

आमच्यातला कुणीतरी हसणार होता, पण काकांचा चेहरा बघून गप्प राहिला. काका म्हणाले, "माफ करा साहेब. सलामाला काय हरकत नाय. पन जाहिरातीत खरं लिवा."

देवऱ्यांनी मग विचारलं, "तुम्हाला हवी आहे का ती?"

मी काकांच्या अगदी शेजारी बसलो होतो. त्यांचा हात टायरच्या कडेवर घट्ट झालेला मी पाहिला. "हवी हाय," ते म्हणाले. "चालीस-पंचेचालीस वर्सं शोधतोय तिला. पन मी बोली लावनार नाय. मी सांगायचं खोटी हाय, तुमचा भाव पडनार, आनि मंग मीच उचलायची, हे बरं दिसत नाय." फोन ठेवल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यातला पन कुनी लावनार नाय. माज्यासाठी म्हनून तर नायच नाय."

बबनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तो उगाच पंखा बंद कर, पाना उचल, असं करत राहिला. खरं सांगतो, मला त्या क्षणी काकांचा रागच आला होता. इतकी वर्षं वाट बघायची, गाडी समोर यायची, आणि आपल्याच तोंडाने ती घालवायची. एवढं खरं कुणाला हवं असतं?

देवऱ्यांनी त्याच संध्याकाळी जाहिरात बदलली. 'सैन्यातील नाही. नवापूर बंदरावर मासळी वाहिलेली जीप. तळाची भोकं बर्फाचं पाणी जायला पाडलेली. माहिती देणारे तामोरे, बोईसरजवळ.' मोठ्या संग्रहवाल्यांनी एकेक करून काढता पाय घेतला. लिलाव आणखी आठ दिवस वाढवला गेला, आणि त्या आठ दिवसांत काकांनी मोबाइल हातात घेतला नाही. आमच्यापैकी कुणीही बोली लावली नाही. बबन दर दोन तासांनी बघायचा आणि सुस्कारे सोडायचा. शेवटी ती गेली एका अनोळखी नावाला.

महिन्याभराने, माझी बदली झाली आणि मी बोईसर सोडणार त्याच्या आदल्या रविवारी, ती हिरवी जीप काकांच्या शेडसमोर येऊन थांबली. चालवत होत्या एक पन्नाशीच्या बाई, पदर खोचलेला. वैतरणेजवळ त्यांची खानावळ होती, मासळीच्या जेवणाची. "दारात उभी करायला जुनी गाडी शोधत होते," त्या म्हणाल्या. "मिलिटरीची मला काय करायचीय? मासळी वाहिलेली आहे असं वाचलं आणि म्हटलं, ही आपली. तामोरे कोण?"

काका पुढे झाले. ते जीपला लगेच हात लावीनात. एकदा सबंध फेरी मारून आले, मग मागे जाऊन वाकले.

"ही भोकं उघडून द्याल का?" बाई म्हणाल्या. "होती तशी."

काकांनी ड्रिल घेतला नाही. छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन ते तळावर मांडी घालून बसले आणि एकेक चकती काढू लागले. बबन मदतीला गेला, त्याला त्यांनी बाजूला केलं. पंधरा झाल्या. सोळावी फार घट्ट बसली होती. ती निघाली तेव्हा त्यांनी ती खिशात टाकली. बाकीच्या तिथेच राहिल्या. हेमाकाकी आतून मासळीच्या पेटीतलं बर्फाचं पाणी बादलीभर घेऊन आल्या आणि त्यांनी ते तळावर ओतलं. पाणी पंधरा भोकांतून थोडं थोडं गेलं, उरलेलं डाव्या कोपऱ्याकडे सरकलं आणि सोळाव्यातून खाली पडू लागलं. कमान अजून तशीच बसलेली होती.

"बाबा बराबर होता," काका म्हणाले.

बाईंनी किल्ली पुढे केली. "घ्या, बंदरापर्यंत चालवा."

"नाय. तुमी चालवा. मी मागंच बसतो. मी मागंच बसायचो, पाट्यांच्या मधी."

अडुसष्ट वर्षांचा माणूस, ओल्या तळावर पाय दुमडून, दोन्ही हातांनी बाजूचा पत्रा धरून बसला. हेमाकाकी म्हणाल्या, अवो, पँट भिजंल, आणि ते म्हणाले, भिजू दे. जीप पामच्या वळणावरून नवापूरकडे वळली, तेव्हा तिच्या डाव्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार रस्त्यावर पडत होती, आणि काका मान वाकवून तीच बघत होते.